टेलिफोन बूथ आणि फेरारी

रात्र. मायामीचे रुंद, रिकामे रस्ते. एक काळी, टप नसलेली फेरारी चालली आहे. कॅमेरा गाडीच्या अंगाला, चाकाच्या उंचीवर चिकटवल्यासारखा. रस्त्यावरचा एकेक दिवा बॉनेटवर उमटतो, ताणला जातो आणि मागे नाहीसा होतो. आत साध्या वेशातले दोन पोलीस. एक जण बंदुकीत काडतुसं भरतो आहे, दुसरा गाडी हाकतो आहे. कोणी बोलत नाही. मागे फिल कॉलिन्सचं 'इन द एअर टुनाइट' चालू आहे. हे गाणं १९८१ सालचं, कॉलिन्सचा संसार मोडत असताना त्याने केलेलं.

मग गाडी चालवणारा निऑनच्या एका पाटीजवळ थांबतो, टेलिफोनच्या बूथमध्ये शिरतो आणि घटस्फोटाच्या वाटेवर असलेल्या बायकोला फोन लावतो. सगळं बिघडण्याआधी आपल्या दोघांत जे होतं ते खरं होतं ना, एवढंच त्याला विचारायचं असतं. ती हो म्हणते. तो फोन ठेवतो, गाडीत येऊन बसतो. गाडी पुन्हा अंधारात निघते.

१६ सप्टेंबर १९८४, रविवार. एनबीसी वाहिनीवर 'मायामी व्हाइस'चा दोन तासांचा पहिला भाग लागला, त्यातली ही काही मिनिटं. कथेच्या हिशेबाने इथे काहीच घडत नाही. तोवरच्या पोलीस मालिकांत एक जण 'तो बंदरावर आहे, चला' म्हणायचा आणि पुढच्या क्षणी गाडी बंदरावर करकचून थांबायची. मधला प्रवास संकलकाच्या टोपलीत जायचा. इथे थॉमस कार्टर या दिग्दर्शकाने नेमका तो मधला प्रवासच दाखवला. त्याच वर्षीच्या जुलैत आपल्याकडे दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली होती आणि शेजारीपाजारी जमून ती पाहत होते. तिकडे अमेरिकेत पन्नासेक वर्षांचं वय होत आलेलं टेलिव्हिजन सिनेमासारखं दिसायचा पहिला मोठा हट्ट धरत होतं.

या प्रकरणात मला त्या फेरारीबद्दल आणि त्या फोनबद्दल बोलायचं आहे. माझं म्हणणं असं, की पाच वर्षं चाललेल्या या मालिकेने फेरारी सांभाळली आणि फोन विसरला.

मालिकेच्या जन्माची एक दंतकथा आहे. एनबीसीचा तरुण प्रमुख ब्रँडन टार्टिकॉफ याने म्हणे एका कागदावर 'एमटीव्ही कॉप्स' असे दोनच शब्द खरडले आणि त्यातून सगळं उभं राहिलं. गाण्यांचे व्हिडिओ अहोरात्र दाखवणारी एमटीव्ही १९८१ पासून धो धो चालत होती, त्यामुळे गोष्ट पटण्यासारखी आहे. पण मालिकेचा खरा कर्ता अँथनी येर्कोविच याची हकिकत वेगळी आहे. 'हिल स्ट्रीट ब्लूज' या त्या काळच्या सर्वांत नावाजलेल्या पोलीस मालिकेत तो लेखक होता. त्याच्या वाचनात एक कायदा आला: अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांकडून जप्त केलेली मालमत्ता पोलीस खात्याला स्वतःच्या कामासाठी वापरता येते. म्हणजे तस्कराची मोटार, त्याची बोट, त्याचं घड्याळ वापरून पोलिसाने पुढच्या तस्कराला जाळ्यात ओढायचं.

मला हे बीज फार आवडतं. सॉनी क्रॉकेट हा पगारी पोलीस. तो फेरारीतून फिरतो, वेगवान बोट उडवतो, इटालियन सूट घालतो, आणि यातलं काहीही त्याचं नाही. सगळं उसनं. तस्करांच्या जगात तो सॉनी बर्नेट या नावाने वावरतो, नावही उसनंच. त्याचं स्वतःचं असं काय, तर शिडाची एक जुनी होडी, तिच्यावर राहणारी एल्विस नावाची सुसर, आणि मोडत आलेला संसार. दिवसभर दुसऱ्याच्या कपड्यात वावरणारा हा माणूस रात्री बूथमध्ये शिरून विचारतो, की निदान तेवढं तरी खरं होतं ना? झगमगाटाला त्या प्रश्नामुळे वजन होतं.

आता झगमगाट. मायामीची त्या काळातली अवस्था वाईट होती. १९८० साली क्युबाच्या मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख माणसं होड्यांत बसून फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागली. त्याआधी पोलिसांच्या मारहाणीत एका कृष्णवर्णीय माणसाचा जीव गेला होता; त्याच वर्षी खटल्यातून ते पोलीस सुटले आणि शहरात दंगल पेटली. कोलंबियातून येणाऱ्या कोकेनच्या पैशाने बँका फुगल्या होत्या आणि भर बाजारात गोळीबार होत होते. १९८१ च्या नोव्हेंबरात 'टाइम' साप्ताहिकाने दक्षिण फ्लोरिडा मुखपृष्ठावर घेतला तो हरवलेला स्वर्ग म्हणून. अशा शहराचं नाव आणि त्यापुढे गुन्हेशाखा सुचवणारा शब्द, ही पाटी पाहून पर्यटनावर जगणाऱ्या गावकारभाऱ्यांच्या पोटात गोळा आला नसता तरच नवल.

पण कार्यकारी निर्माता मायकेल मान याने त्या शहरात निराळंच काहीतरी पाहिलं. साउथ बीचच्या ओशन ड्राइव्हवर १९३०-४० च्या सुमारास बांधलेली लहान लहान आर्ट डेको हॉटेलं ओळीने उभी होती: गोलावलेले कोपरे, खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे, उभे खांब. तोवर तिथे उत्तरेकडून आलेले सेवानिवृत्त म्हातारे, बरेचसे ज्यू, स्वस्त भाड्याने राहायचे आणि व्हरांड्यात खुर्च्या टाकून समुद्राकडे बघत बसायचे. इमारती पाडायच्या बेतात होत्या. बार्बरा कॅपिटमन नावाच्या बाईने १९७६ पासून त्या वाचवण्यासाठी जिवाचं रान केलं आणि १९७९ मध्ये तो परिसर राष्ट्रीय वारशाच्या यादीत आणला. तिचा सहकारी, रचनाकार लेनर्ड होरोविट्झ, याने त्या इमारतींसाठी फिके गुलाबी, पुदिन्यासारखे हिरवे, आकाशी असे रंग ठरवले. मानच्या लोकांना हे आयतंच मिळालं. जिथे कमी पडलं तिथे चित्रीकरणाआधी त्यांनी भिंतीच रंगवून घेतल्या. मानचा एक नियम प्रसिद्ध आहे: मातकट रंग नकोत. तपकिरी नाही, विटकरी नाही. पोलीस ठाणं म्हणजे तपकिरी टेबल, तपकिरी कोट आणि कळकट कॉफी, या समजाला त्याने एका फटक्यात कचऱ्यात टाकलं.

मान या मालिकेचा आत्मा समजला जातो, पण त्याने तिचा एकही भाग स्वतः दिग्दर्शित केलेला नाही. रंग, कपडे, गाड्या, कॅमेऱ्याची जागा, गाण्याचा आवाज यांवर नजर ठेवून त्याने मालिकेला चेहरा दिला. टेलिव्हिजनमध्ये लेखक राजा असतो असं म्हणतात. इथे डोळा राजा होता.

डॉन जॉन्सनचा क्रॉकेट अर्मानीच्या पांढऱ्या कोटाखाली टी-शर्ट घालायचा, बाह्या कोपरापर्यंत सरकवायचा आणि पायात मोजे घालायचा नाही. गालांवर दोन दिवसांचे खुंट. फिलिप मायकेल थॉमसने केलेला त्याचा साथीदार टब्ज नेमका उलटा: नीटस सूट, घोटून केलेली दाढी. तासाभराच्या एका भागाला सुमारे १३ लाख डॉलर खर्च यायचा, इतर मालिकांपेक्षा बराच जास्त. त्यात मूळ गाण्यांच्या हक्कांचे पैसेही आले. आधीच्या मालिका भाडोत्री गायकाकडून नक्कल गाऊन घेत. इथे कॉलिन्स हवा असेल तर कॉलिन्सच. अमेरिकेत स्टिरिओ आवाजात प्रसारित झालेल्या पहिल्या काही मालिकांत ही एक होती, त्यामुळे गाणं दिवाणखान्याच्या दोन्ही कोपऱ्यांतून यायचं.

आणि यान हॅमर. हा १९४८ साली प्रागमध्ये जन्मलेला. सोव्हिएत रणगाडे १९६८ मध्ये शहरात शिरल्यावर तो अमेरिकेला आला आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जॉन मॅकलॉफलिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवू लागला. ते नाव मॅकलॉफलिनला त्याचे बंगाली गुरू श्री चिन्मय यांनी दिलेलं, आणि त्या चमूच्या संगीतात हिंदुस्तानी तालांची विषम गणितं खच्चून भरलेली असत. अशा माणसाला पोलीस मालिकेचं काम मिळालं. न्यूयॉर्क राज्यातल्या आपल्या शेतघरात बसून तो एकट्याने काम करायचा. कापलेल्या भागाची कॅसेट त्याच्याकडे यायची. तो फेअरलाइट नावाचं संगणकी वाद्य, सिंथेसायझर आणि ड्रम मशीन घेऊन पडद्याकडे बघत वाजवायचा, टेप परत धाडायचा, तोवर पुढची कॅसेट दारात. एका भागाला वीसेक मिनिटांचं नवं संगीत, आणि असे वर्षाला बावीस भाग. हे मी मुद्दाम सांगतो आहे. या बावीस आकड्याकडे पुढे परत यायचं आहे.

सुरुवातीचे आठवडे मालिका बेताचीच चालली. शुक्रवारी रात्री दहाची वेळ, त्या वेळी तरुण माणूस घरात सापडायचा कसा? ती खरी चढली १९८५ च्या उन्हाळ्यात. इतर वाहिन्यांवर जुने भाग पुन्हा दाखवत होते, इथेही तेच. पण बोलबाला ऐकून लोक पहिल्यांदाच बघायला बसले. एमी पुरस्कारांसाठी १५ नामांकनं झाली, ४ मिळाले. पहिल्या भागाला एक वर्ष झालं त्याच तारखेच्या अंकात, १६ सप्टेंबर १९८५ ला, क्रॉकेट आणि टब्ज 'टाइम'च्या मुखपृष्ठावर आले. हॅमरची शीर्षकधून, शब्द नसलेली, नोव्हेंबरात बिलबोर्डच्या यादीत पहिली. मालिकेच्या गाण्यांचा अल्बम ११ आठवडे पहिला. दुसऱ्या हंगामाअखेर ती देशातल्या सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या कार्यक्रमांत नववी. न्हाव्याकडे आता लोक दाढी करायला जायचे थांबले असतील, कारण खुंट तेवढेच ठेवणारं यंत्रही बाजारात आलं. थॉमसने गळ्यात सोन्याचं एक पदक अडकवलं होतं, त्यावर चार अक्षरं कोरलेली: एमी, ग्रॅमी, ऑस्कर, टोनी यांची आद्याक्षरं. चारही मिळवीन, असा त्याचा निर्धार. त्याला यातल्या एकाचंही नामांकन मिळालं नाही. पण 'ईगॉट' हा शब्द मात्र त्याच्यामुळे इंग्रजीत रुजला आणि आजही पुरस्कारांच्या बातम्यांत वापरतात.

हा दुसरा हंगाम म्हणजे मालिकेचा कळस. त्यातला 'आउट व्हेअर द बसेस डोन्ट रन' हा भाग मी अलीकडे पुन्हा पाहिला. हँक वेल्डन हा डोकं फिरल्यासारखा वागणारा निवृत्त पोलीस, काही वर्षांपूर्वी नाहीसा झालेला एक तस्कर परत आलाय असा धोशा लावतो. शेवटी तो क्रॉकेट-टब्जना एका पडक्या घरात नेतो आणि भिंत फोडतो. तस्कर भिंतीत चिणलेला. मारणारा वेल्डन स्वतः. मागे डायर स्ट्रेट्सचं 'ब्रदर्स इन आर्म्स'. गाडी आहे, गाणं आहे, रात्र आहे, सगळं पहिल्या भागासारखंच. पण तळाशी पुन्हा तोच प्रश्न आहे, की दुसऱ्याचा वेश इतकी वर्षं घालून बसलेल्या माणसाचं होतं काय. फोन अजून लागत होता.

मग घसरण सुरू झाली. तिची कारणं सांगताना लोक आकडे, वेळापत्रक, मानधन अशा कुठल्यातरी एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. मला ती गुंतलेली दिसतात.

सर्वांत आधी, ही मालिका स्वतःच्याच यशात विरघळली. वर्षभरात प्रत्येक जाहिरात गुलाबी-निळी झाली, प्रत्येक सिनेमात ओला रस्ता आणि निऑनचं प्रतिबिंब आलं, प्रत्येक कचेरीतला एक तरी तरुण बाह्या सरकवून हिंडू लागला. खुद्द मायामीनेही मालिकेप्रमाणे रंग लावून घेतला. ज्या शहरात क्रॉकेट उठून दिसायचा त्या शहरात आता सगळेच क्रॉकेट. नवलाई हेच ज्याचं भांडवल असतं, त्याची नक्कल झाली की ते रिकामं होतं. कथेचं तसं होत नाही, कारण चांगल्या कथेची नक्कल करणाऱ्यालाही पुढे काय ते स्वतः शोधावं लागतं.

दुसरं, माणसं. येर्कोविच पहिल्याच हंगामात बाहेर पडला होता. १९८६ मध्ये मानचं लक्ष 'क्राइम स्टोरी' ही नवी मालिका आणि 'मॅनहंटर' हा सिनेमा यांकडे वळलं. लेखनाची सूत्रं डिक वुल्फकडे आली, जो पुढे १९९० मध्ये 'लॉ अँड ऑर्डर' सुरू करून इतिहास घडवणार होता. वुल्फ वर्तमानपत्रातल्या बातम्यांतून गोष्टी उचलणारा लेखक. ती त्याची ताकद. पण वर्तमानपत्र तर मातकट रंगाचंच असतं. फिके रंग गेले, गडद आले, कोट काळे-करडे झाले. मालिका गंभीर झाली, आणि गंभीर होताच ती इतर गंभीर पोलीस मालिकांसारखी दिसू लागली. जॉन्सनने मानधनावरून ताणून धरलं. दुसऱ्याला घेऊ, अशी कुजबुज झाली. तो परतला, आणि त्याच वर्षी त्याने गाण्यांचा अल्बमही काढला.

तिसरं कारण घड्याळातलं. १९८६ च्या शरदात एनबीसीने मालिका शुक्रवारी दहाऐवजी नऊला आणली, समोर सीबीएसवर 'डॅलस'. २६ सप्टेंबर १९८६ ची ती रात्र टेलिव्हिजनच्या इतिहासात फारच गमतीची आहे. एका वाहिनीवर 'डॅलस'ने, मेलेला असूनही न्हाणीघरात अवतरलेल्या बॉबी युइंग या पात्राचा खुलासा करताना, आदल्या अख्ख्या हंगामाला त्याची बायको पॅम हिचं स्वप्न ठरवून पुसून टाकलं. दुसऱ्या वाहिनीवर, त्याच तासाला, 'मायामी व्हाइस'ने क्षेपणास्त्र डागून क्रॉकेटची काळी फेरारी उडवली.

त्या फेरारीची गोष्ट जरा जवळून पाहू. ती फेरारी नव्हतीच. डेटोना स्पायडर ही मूळ गाडी फार थोडी तयार झालेली आणि अफाट महाग. म्हणून मालिकेसाठी शेवरोले कॉर्व्हेटच्या सांगाड्यावर फायबरग्लासचं अंग चढवून तिची नक्कल केली होती. उसन्या श्रीमंतीच्या मालिकेत गाडीही बनावट, यापेक्षा चपखल काय? इटलीत कंपनीला ते खपलं नाही. नक्कल बनवणाऱ्यावर दावा झाला. शेवटी तडजोड अशी, की नकली गाडी पडद्यावरून जावी आणि कंपनीने दोन अस्सल टेस्टारोसा द्याव्यात. त्या आल्या काळ्या. रात्रीच्या दृश्यांत काळी गाडी अंधारात बुडायची, म्हणून त्यांना पांढरा रंग दिला. गाडी आता खरी होती, आणि तिच्यातली गंमत गेली होती.

पिस्तुलाचंही असंच. क्रॉकेटच्या काखेतलं ब्रेन टेन हे कॅलिफोर्नियातल्या डॉर्नाउस अँड डिक्सन या छोट्या कंपनीचं नवंकोरं पिस्तूल. रात्रीच्या प्रकाशात चमकावं म्हणून मालिकेतल्या पिस्तुलावर क्रोमचा मुलामा दिलेला. ते पडद्यावर पाहून लोकांनी मागण्या नोंदवल्या, पैसे भरले. कंपनीने पिस्तुलं पाठवली, पण गोळ्या भरायचं मॅगझिन वेळेवर तयार होईना. कित्येकांच्या हाती रिकामं पिस्तूल आलं. दीडेक हजारही न बनवता कंपनी १९८६ मध्ये दिवाळखोर झाली आणि तिसऱ्या हंगामात क्रॉकेटच्या हाती स्मिथ अँड वेसनचं साधं पिस्तूल दिसू लागलं. देखणं, झळझळीत आणि आत गोळी नाही. या काळातले काही भाग पाहताना मला राहून राहून ते पिस्तूल आठवतं.

आणि चौथं कारण, बावीस. अमेरिकी वाहिन्यांचा कारखाना वर्षाला बावीस-चोवीस भाग मागायचा. प्रत्येक भाग स्वतंत्र हवा, कारण पुढे फेरप्रसारणात तो कसाही, कुठल्याही क्रमाने दाखवता यायला हवा. म्हणजे क्रॉकेटला या आठवड्यात प्रेम होऊ शकतं, मित्र मरू शकतो, त्याच्या डोळ्यांदेखत मूल मारलं जाऊ शकतं; पुढच्या शुक्रवारी मात्र तो कोऱ्या चेहऱ्याने गाडीत बसलेला असला पाहिजे. आपल्या दैनंदिन मालिकांवर आपण पाणी घातलं म्हणून चिडतो: एक साखरपुडा तीन महिने चालतो. इथे दोष उलटा होता. पाणी घालायची सोयच नव्हती. दर आठवड्याला नवं दूध, तेवढाच ऊत, आणि भांडं रात्रीत घासून ठेवायचं. पण फोन बूथमधला प्रश्न हा साठत जाणारा आहे. जो माणूस रोज विसरतो, त्याला आपण हरवत चाललोय हे कळणार कसं?

तिसरा हंगाम मी पहिल्यांदा पाहिला तो २००५ नंतर, मूळ गाण्यांसकट निघालेल्या डीव्हीड्यांवर, कॉलेजात जाणाऱ्या भाच्याबरोबर. पहिले दोन हंगाम त्याने खिळून पाहिले, मध्ये चहाला उठू दिलं नाही. तिसऱ्यातल्या पाचव्या-सहाव्या भागाला तो उठला आणि स्वयंपाकघरात आईला भेंडी चिरून देऊ लागला. हाक मारली तर आतूनच म्हणाला, "मामा, तू सांग ना काय झालं ते." प्रेक्षक सोडून जातो म्हणजे काय, ते मला आकडेवारीपेक्षा त्या भेंडीने नीट समजावलं.

चौथा हंगाम हा बुचकळ्यात टाकणारा. 'मिसिंग अवर्स' नावाच्या भागात परग्रहवासी आणि जेम्स ब्राउन एकत्र आहेत. 'काउज ऑफ ऑक्टोबर' हा बैलाच्या गोठवलेल्या वीर्याच्या तस्करीवर आहे. हे ऐकून कुणाला गंमत वाटेल, मलाही ऐकताना वाटली होती. बघताना नाही वाटली. पाहुण्या कलाकारांची हौस पहिल्यापासून होती आणि तिने एरवी छान गोष्टी दिल्या. ब्रूस विलिस, ज्युलिया रॉबर्ट्स, लिअम नीसन हे नाव होण्याआधी इथे येऊन गेले. माइल्स डेव्हिसने कुंटणखाना चालवणाऱ्याचं काम केलं. पण आता पाहुणे हीच मेजवानी झाली होती. गायिका शीना ईस्टनने केलेल्या पात्राशी क्रॉकेटचं लग्न लावलं आणि थोड्याच भागांनी तिला मारून टाकलं.

या सगळ्यात एकाचा कंटाळा मला कधीच आला नाही: एडवर्ड जेम्स ओल्मोसचा लेफ्टनंट कास्टिलो. पहिल्या ठाणेप्रमुखाला कथेतच गोळी घालून पहिल्या हंगामाच्या सुरुवातीला याला आणला. काळा सूट, काळा बारीक टाय, खाली वळलेली नजर, आणि आवाज इतका हळू की समोरच्याला पुढे वाकावं लागतं. पाच वर्षं फॅशन बदलत गेली, कास्टिलोचा सूट तोच. ओल्मोसला पहिल्याच वर्षी एमी मिळाला. भोवती सगळं उजळ असताना हा गप्प माणूस खोली ताब्यात घ्यायचा, आणि भोवती सगळं गडद झाल्यावरही त्याला बदलावं लागलं नाही, कारण तो पहिल्यापासून दिखाव्याच्या बाहेरच उभा होता.

मालिकेला अखेर तो जुना प्रश्न आठवला. ६ मे १९८८ च्या 'मिरर इमेज' या भागात बोटीवर स्फोट होतो, क्रॉकेट वाचतो, पण त्याची स्मृती जाते. आपण पोलीस आहोत हे तो विसरतो आणि स्वतःला सॉनी बर्नेट समजू लागतो, तोच उसना तस्कर. खरेखुरे खून करू लागतो. पुढच्या हंगामाची सुरुवातही यातच जाते. येर्कोविचच्या मूळ बीजात हे होतंच: वेश अंगाला चिकटणार, एक दिवस निघणार नाही. चार वर्षं दर शुक्रवारी थोडं थोडं चिकटत गेलं असतं तर टेलिव्हिजनवरची ती एक मोठी शोकांतिका झाली असती. तसं न होता ते डोक्याला मार लागून झालं. आपल्याकडच्या सिनेमात पूर्वी दुसऱ्यांदा मार लागला की स्मृती परत यायची, त्याच जातीचं. शिवाय हॅमर चौथ्या हंगामानंतर निघून गेला होता. शेवटच्या वर्षी शीर्षकधून त्याचीच, आतलं संगीत दुसऱ्याचं.

'फ्रीफॉल' हा समारोपाचा भाग २१ मे १९८९ ला लागला. पुढची काही वर्षं ओशन ड्राइव्हवर नवी हॉटेलं, फॅशनचे छायाचित्रकार, रांगा लावलेल्या मोटारी येतच राहिल्या. व्हरांड्यातल्या खुर्च्या आणि त्यांवरचे म्हातारे भाडं परवडेना म्हणून गेले. ज्याचे कपडे घालून क्रॉकेट-टब्ज हिंडले त्या जियान्नी व्हर्साचीने १९९२ मध्ये तिथेच एक वाडा विकत घेतला, आणि १९९७ च्या जुलैत त्याच वाड्याच्या पायऱ्यांवर त्याचा खून झाला. मालिकेतला प्रसंग म्हणून लेखकाने हे सुचवलं असतं तर मानने फार भडक म्हणून कापलं असतं.

मान स्वतः २००६ मध्ये 'मायामी व्हाइस' नावाचाच सिनेमा घेऊन परतला, कॉलिन फॅरेल आणि जेमी फॉक्सला घेऊन. फिके रंग नाहीत, सुसर नाही, हॅमरची धून नाही. डिजिटल कॅमेऱ्याने टिपलेलं दाणेदार, काळपट आकाश आणि त्यात विजा. जुन्या चाहत्यांनी नाकं मुरडली. पण त्यातला क्रॉकेट तस्कराच्या बाईत, इसाबेलामध्ये, खरोखर गुंततो, आपण कोणाचे आहोत हे त्याला सांगता येईनासं होतं, आणि शेवटी तिला बोटीत बसवून तो किनाऱ्यावरून परत फिरतो. श्रेयनामावली सरकू लागते तेव्हा 'इन द एअर टुनाइट' ऐकू येतं, दुसऱ्याच एका बँडने, जोरजोरात गायलेलं. तोवर दिवे लागलेले असतात आणि लोक खुर्चीखाली पायाने चपला चाचपत असतात.